खोट्या सहीला फ्रेम, खऱ्या सहीला भंगार

जामनेरकरहो, आधी माझीच चूक कबूल करतो.

मागच्या महिन्यात गावातल्या एका दुकानाच्या उद्घाटनाला गेलो होतो. काउंटरमागे मोठ्या फ्रेममध्ये अर्जेंटिनाची जर्सी लावलेली. मालक म्हणाले, "२०२२ च्या वर्ल्डकपवाल्या पूर्ण टीमच्या सह्या आहेत, भो. ओरिजिनल. सर्टिफिकेट पण आहे." ऑनलाइन घेतली, साडेनऊ हजारांना. मी फोटो काढला, बातमी दिली, छापून पण आली.

घरी येऊन मोबाइलवर फोटो मोठा करून पाहिला. सगळ्या सह्या एकाच जाडीच्या, एकाच काळेपणाच्या. माणूस कापडावर सही करतो तेव्हा पेन कुठे अडकतो, कुठे शाई फुटते. इथे तसं काहीच नाही. छापील माल! म्हणजे पत्रकारितेचा डिप्लोमा करून मी खोट्या सहीची जाहिरात केली, तीही फुकट.

आता कोणी म्हणेल, सर्टिफिकेट आहे ना? अहो, जो सही छापतो त्याला सर्टिफिकेट छापायला काय जातं? अमेरिकेत एफबीआयने 'ऑपरेशन बुलपेन' नावाची कारवाई केली, तेव्हा खोट्या सह्यांसोबत खोटी सर्टिफिकेटंही सापडली होती. विकणाऱ्याला तीनच प्रश्न विचारा: सही कुठे झाली, कधी झाली, कोणासमोर झाली? उत्तर नसेल तर ती नुसती जर्सी आहे, जर्सीचे पैसे द्या.

माझं भांडण हौसेशी नाही. डिसेंबर २०२५ मध्ये मेस्सी वानखेडेवर आला तेव्हा मी पण टीव्हीसमोरून हललो नाही. माझं भांडण वेगळं आहे. परक्याच्या खोट्या सहीला आपल्याकडे भिंत आहे, आणि आपल्या माणसाच्या खऱ्या सहीला खिळासुद्धा नाही.

आपली पण एक टीम होती. १९६२, जकार्ता, आशियाई स्पर्धेची फायनल. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम कॅन्सरने आजारी. जर्नेलसिंगच्या डोक्याला टाके. मैदानात प्रेक्षक आपल्या विरोधात. तरी दक्षिण कोरियाला २-१ ने हरवून सुवर्णपदक आणलं. गोल पी. के. बॅनर्जी आणि जर्नेलसिंगचे. त्या टीममध्ये मुंबईच्या टाटा क्लबकडून खेळणारा फॉर्च्युनाटो फ्रँको होता, मूळचा गोव्याचा. २०२१ मध्ये तो गेला. आपल्यापैकी किती जणांनी त्याचं नाव ऐकलं होतं? त्याच्याही आधी, १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये मुंबईच्या नेव्हिल डिसोझाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅट्ट्रिक केली होती. आपल्या पोरांना मेस्सीचा नंबर पाठ आहे. डिसोझा कोण, हे आपणच त्यांना कधी सांगितलं नाही.

आणि सरकारी जपणूक कशी असते, ते हॉकीवाल्या बलबीरसिंग सीनियर यांना विचारायला हवं होतं. तीन ऑलिंपिक सुवर्णपदकांच्या या खेळाडूने १९८५ मध्ये आपला ब्लेझर, पदकं, फोटो संग्रहालयासाठी भारतीय क्रीडा प्राधिकरणाकडे विश्वासाने दिले. सामान हरवलं. २०२० मध्ये ते वारले, तोपर्यंत परत मिळालं नव्हतं. तिकडे मॅराडोनाने १९८६ मध्ये घातलेली जर्सी मँचेस्टरच्या संग्रहालयात वर्षानुवर्षं नीट राहिली आणि २०२२ मध्ये सुमारे ७१ लाख पौंडांना विकली गेली. कापड तिकडेही कापडच असतं, फरक जपण्यात आहे.

दिल्लीला शिव्या देणं सोपं आहे. आपल्या तालुक्याचं बघा. एका शाळेच्या कपाटात एक फुटबॉल होता. जिल्ह्याला जिंकून आलेल्या पोरांनी त्यावर सह्या केल्या होत्या. हवा गेलेली, शाई उडालेली, पण अकराच्या अकरा सह्या खऱ्या. तपासणी येणार म्हणून कपाट रिकामं केलं आणि बॉल भंगारात गेला. सरांनी मला फोन केला होता. मी बातमी केली नाही. मला ती बातमी वाटलीच नाही!

खोट्या सह्यांची बातमी केली, खऱ्या सह्यांची नाही. ही टोचणी आहे म्हणून हे लिहितोय.

मागणी मोठी नाही. करोडोंचं संकुल नको. गावातल्या वाचनालयात किंवा नगरपरिषदेत एक काचेचं कपाट द्या, कुलूप लावा, वस्तूंची नोंदवही ठेवा आणि वही सांभाळायला एक माणूस नेमा. कुस्ती, कबड्डी, फुटबॉल, सगळं त्यात. फक्त ऊन लागणार नाही अशी जागा बघा, उन्हाने शाई उडते. शाळांनीही पोरं जिंकून आली की त्याच दिवशी पक्क्या शाईच्या पेनाने सह्या घ्याव्यात, खाली तारीख, गाव आणि समोरची टीम लिहावी.

कोणाच्या माळ्यावर, ट्रंकेत जुन्या टीमचा फोटो, बॉल, ढाल, काहीही असेल तर सांगा. मी घरी येऊन फोटो काढतो, नावं लिहून घेतो. या वेळी बातमी नक्की करतो.

आणि त्या दुकानदार भाऊंना आज संध्याकाळी भेटून खरं सांगणार आहे. चहा पाजतील की नाही, माहीत नाही.