तिकिटावरचा ससा आणि आपल्या घरातली गोष्ट

टपाल तिकीट हा राज्यसंस्थेने छापलेला बहुधा सर्वांत लहान ऐतिहासिक दस्तऐवज असावा. ज्या व्यक्तीचे, प्रसंगाचे वा सणाचे तिकीट निघते, त्याला राष्ट्राच्या स्मृतीत अधिकृत जागा मिळते. म्हणूनच १४ एप्रिल १९६६ रोजी बाबासाहेबांचे तिकीट निघाले, तेव्हा पंधरा पैशांच्या त्या कागदाला आपल्या समाजाच्या लेखी किमतीपलीकडचे मोल होते. परंतु तिकिटावर मावते ते केवळ चित्र. चित्रामागची गोष्ट कोणीतरी सांगावी लागते. सांगणारा उरला नाही, तर चित्र राहते आणि अर्थ निघून जातो. सणांच्या तिकिटांच्या बाबतीत हे विशेष जाणवते.

पूर्व आशियातील नववर्षाची तिकिटे हे याचे चांगले उदाहरण आहे. जपानने डिसेंबर १९३५ मध्ये नववर्षाच्या शुभेच्छापत्रांसाठी स्वतंत्र तिकीट काढले. त्यावर फुजी पर्वत होता. पुढे या तिकिटांवर गावोगावची लोकखेळणी आणि बारा वर्षांच्या चक्रातील प्राणी येऊ लागले. चीनने १९८० मध्ये माकडाच्या तिकिटाने अशी मालिका सुरू केली. या बारा प्राण्यांची एक लोककथा आहे. प्राण्यांना बोलावणे गेले. उंदीर बैलाच्या पाठीवर बसून आला, शेवटच्या क्षणी पुढे उडी मारून पहिला ठरला आणि मांजराला मात्र जागाच मिळाली नाही. बोलावणारा कोण, याविषयी कथेची रूपे वेगळी आहेत. कोठे तो स्वर्गाचा सम्राट आहे, तर कोठे खुद्द बुद्ध.

अमेरिकेतील तिकिटाची हकीकत आपण अधिक लक्षपूर्वक पाहावी. तेथील खंडपार रेल्वे १८६९ मध्ये पूर्ण झाली. तिच्या पश्चिमेकडील मार्गासाठी हजारो चिनी मजुरांनी डोंगर फोडले. त्याच देशाने १८८२ मध्ये कायदा करून चिनी मजुरांना प्रवेशबंदी केली आणि ती १९४३ पर्यंत टिकली. पुढे त्या समाजाच्या संघटनांनी मागणी लावून धरली, आणि ३० डिसेंबर १९९२ रोजी अमेरिकेच्या टपाल खात्याने चांद्र नववर्षाचे पहिले तिकीट काढले. हवाईतील चिनी वंशाचे चित्रकार क्लॅरेन्स ली यांनी त्यावर कोंबडा चितारला. ती मान्यता होती, आणि मान्यतेचे मोल आपल्यासारख्या बहिष्कृत राहिलेल्या समाजाला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. तथापि त्या सुबक कोंबड्याकडे पाहून डोंगर फोडणारा मजूर कोणाला आठवेल? २०१९ मध्ये त्याच रेल्वेच्या दीडशे वर्षांनिमित्त तीन तिकिटे निघाली. त्यांवर दोन इंजिने आणि एक सोन्याचा खिळा होता, मजूर नव्हता.

आता या चक्रातील सशाकडे वळू. २०२३ हे सशाचे वर्ष होते. चीनने त्या वर्षी काढलेल्या तिकिटावर हुआंग योंगयू या वयोवृद्ध चित्रकाराचा निळा, लाल डोळ्यांचा ससा होता आणि तो अनेकांना भयंकर वाटला म्हणून तेथे वादही झाला. पूर्व आशियात ससा चंद्रावर राहतो अशी लोकसमजूत आहे. चीनमध्ये तो तेथे औषध कुटतो, तर जपानमध्ये भाताची मोची. आपल्या भाषेनेही चंद्राला 'शशी' आणि 'शशांक' म्हणून हाच ससा जपला आहे. त्याची गोष्ट पाली जातकांत आहे.

सस जातकात ससा, माकड, कोल्हा आणि पाणमांजर हे चार मित्र आहेत. उपोसथाच्या दिवशी दारी येणाऱ्याला दान द्यायचे असे ते ठरवतात. पाणमांजराला कोळ्याने वाळूत पुरून ठेवलेले मासे सापडतात. कोल्ह्याला शेतराख्याच्या झोपडीत घोरपड आणि दह्याचे मडके मिळते. माकड आंबे आणते. सशाजवळ गवताखेरीज काही नसते. शक्र याचकाच्या रूपाने येतो, तेव्हा ससा त्याला अग्नी पेटवायला सांगतो आणि स्वतःचा देह देण्यासाठी त्यात उडी घेतो. उडी घेण्यापूर्वी तो तीनदा अंग झाडतो, कारण केसांतले किडे आपल्याबरोबर मरू नयेत. अग्नी त्याला जाळत नाही आणि शक्र पर्वत पिळून त्याच्या रसाने चंद्रावर सशाचे चित्र काढतो.

ही कथा दूरवर गेली. सातव्या शतकात भारतात आलेल्या ह्युएनत्संगाने वाराणसीजवळच्या एका स्तूपाशी निगडित म्हणून ती नोंदवली आहे. जपानच्या बाराव्या शतकातील 'कोंजाकू' कथासंग्रहातही ती आढळते. मात्र 'सारे काही आपल्याकडूनच जगात गेले' असे म्हणण्याचा मोह इतिहासाच्या अभ्यासकाने टाळावा. चीनमधील मावांगदुई येथे इ.स.पूर्व दुसऱ्या शतकातील थडग्यात सापडलेल्या रेशमी पताकेवर चंद्रकोरीपाशी बेडूक आणि ससा आहेत. तेव्हा धम्म तेथे पोहोचलेला नव्हता. लोककथा अशाच असतात. दोन प्रवाह एकमेकांत मिसळतात आणि पुढे एकच नदी वाहताना दिसते.

आपल्यातील काही विचारी मंडळी विचारतील की, चमत्कार नाकारणाऱ्या धम्माच्या शाळेत न जळणारा ससा कशाला? प्रश्न रास्त आहे. बाबासाहेबांनी बुद्धवचनाची कसोटी विवेक हीच मानली. परंतु कथा खरी मानणे आणि कथा तपासणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. ही कथा वर्गात सांगावी आणि मुलांना प्रश्न विचारू द्यावेत. पाली कथेत शक्र ब्राह्मणाच्या वेषात येतो, तर ह्युएनत्संगाच्या वृत्तांतात वृद्धाच्या. हा बदल का झाला असेल? पाणमांजराने आणि कोल्ह्याने दिलेले अन्न कोणाच्या कष्टाचे होते? ज्याच्याकडे सर्वांत कमी, त्यानेच का जळावे? स्वेच्छेने केलेला त्याग आणि पिढ्यान्‌पिढ्या धर्माच्या नावाने लादलेली सेवा यांतला भेद या शेवटच्या प्रश्नातून मुलांना कळू शकतो. अंग झाडून किड्यांना वाचवणारा ससा तर चमत्काराशिवायही खरा आहे. करुणा म्हणजे काय, हे तेवढ्या एका कृतीतून पाचवीच्या मुलालाही समजते.

आपल्या सणांना हीच दृष्टी लावली पाहिजे. २४ मे १९५६ रोजी बुद्धजयंतीच्या अडीच हजाराव्या वर्षानिमित्त भारत सरकारने तिकिटे काढली. दोन आण्यांच्या तिकिटावर बोधिवृक्ष होता. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात लाखो माणसांनी धम्माची दीक्षा घेतली. श्रीलंकेच्या वेसाक तिकिटांवर विहारांतील जातकचित्रे दिसतात, कारण तेथे त्या कथा आजही सांगितल्या जातात. आपल्याकडे १४ एप्रिल, बुद्धपौर्णिमा आणि धम्मचक्र प्रवर्तन दिन येतात तेव्हा प्रतिमा, तोरणे, मिरवणूक आणि ध्वनिवर्धक यांची उणीव नसते. उणीव असते ती गोष्टीची. नव्या पिढीतील कितीजणांना आपल्या आजोबा-पणजोबांनी बावीस प्रतिज्ञा घेतल्या त्या दिवसाची हकीकत ठाऊक आहे?

आपली गोष्ट लोककथा नाही, ती अलीकडची आणि साक्षीदार असलेली घटना आहे. परंतु त्या दिवशी दहा वर्षांचे असलेले मूल आज ऐंशीच्या घरात आहे. हे साक्षीदार एकेक करून जात आहेत. त्यांचे सांगणे लिहिले गेले नाही, तर आणखी दोन पिढ्यांनी धम्मदीक्षा हे केवळ भिंतीवरचे एक चित्र होईल आणि त्यामागे हवी ती गोष्ट जोडायला कोणीही मोकळा असेल. ह्युएनत्संगाने सांगितलेल्या कथेत शक्र सशाला चंद्रावर ठेवतो, ते त्याची कृती पुढच्या पिढ्यांना कळावी म्हणून. आपल्या माणसांसाठी हे काम करायला कोणी शक्र येणार नाही. ते वही-पेन घेऊन आपल्यालाच करावे लागेल.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना माझी विनंती आहे. आपल्या घरातील, वस्तीतील ज्येष्ठांजवळ बसावे. ते नागपूरला कसे गेले, पायी की रेल्वेने. गेले नसतील तर दीक्षा कोठे व कोणाकडून घेतली. घरातल्या देवांचे काय केले. गावकीची कोणती कामे सोडली आणि त्यापायी गावाने कोणता त्रास दिला, हे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे. गावाचे नाव आणि तारीख न विसरता नोंदवावी. शाळेने या नोंदींसाठी ग्रंथालयात एक कपाट राखून ठेवावे आणि दरवर्षी १४ ऑक्टोबरला त्यांतील एक नोंद विद्यार्थ्यांकडून सभेत वाचून घ्यावी. आठवी-नववीच्या मुलांकडे इतिहासाचा प्रकल्प म्हणून हे काम सोपवता येईल. त्याला निधीही फारसा लागणार नाही. लागेल तो वेळ, आणि तो वाया घालवण्याइतका आपल्यापाशी उरलेला नाही.