करडीचं तेल आणि मावशीची बाटली

बालमित्रांनो, या आठवड्याच्या पत्रांच्या गठ्ठ्यात एक पत्र असं निघालं, की बाकीची सगळी बाजूला ठेवली. हिंगोली जिल्ह्यात, वसमत तालुक्यातल्या एका गावात राहणारी आणि आठवीत शिकणारी एक मैत्रीण लिहिते:

"दिवाळी झाली की माझे गाल फुटतात. हसलं तरी चुरचुरतं. पायावर नखाने ओढलं की पांढरी रेघ उठते. वर्गातली मुलं म्हणतात, हिला पाटीची गरज नाही, पायावरच गणितं सोडवेल. पुण्याच्या मावशीकडे क्रॅनबेरीच्या बियांचं तेल आहे. त्याने कातडी मऊ होते आणि उजळते असं ती म्हणते. बाटली एवढीशी, पण खूप महाग. माझ्या गल्ल्यात 340 रुपये जमलेत. आणखी साठवू का? ता. क. आईच्या टाचांना भेगा पडल्यात. ते तेल तिला चालेल का?"

मैत्रिणी, गल्ला फोडू नकोस. थोडी थांब. आधी ही क्रॅनबेरी आहे तरी कोण, ते पाहू.

क्रॅनबेरी हे उत्तर अमेरिकेतलं एक आंबट, लालबुंद, बोराएवढं फळ. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन आणि मॅसॅच्युसेट्स या राज्यांत त्याची मोठी शेती होते. वेल जमिनीलगत पसरतात. काढणीच्या वेळी शेतात चक्क पाणी सोडतात! फळाच्या पोटात हवेचे छोटे कप्पे असतात. त्यामुळे वेलावरून सुटलेली फळं पाण्यावर तरंगतात आणि सगळं शेत लाल दिसू लागतं. मग ती एका कोपऱ्यात लोटत नेऊन गोळा करायची. (आपल्याकडे काही दुकानांत पाकवलेली करवंदंच 'क्रॅनबेरी' म्हणून मिळतात बरं का. करवंद चवीला झकास, पण त्याचं कूळ अगदी वेगळं.) फळाचा रस काढला की चोथा उरतो. चोथ्यात असतात मोहरीसारख्या बारीक बिया. त्या वाळवून, दाबून जे तेल निघतं, ते मावशीच्या बाटलीत.

म्हणजे इतक्या बारीक बियांतून, इतक्या लांबून आलेलं तेल. महाग असणारच! पण महाग म्हणजे जास्त गुणी असं समीकरण तुमच्या गणिताच्या पुस्तकात आहे का? नाही ना? मग त्या तेलात आहे काय, ते बघायला हवं.

त्यासाठी आधी आपली कातडी पाहू. हिवाळ्यात ती का फुटते? थंडीने, असं आपण म्हणतो. खरी गुन्हेगार असते कोरडी हवा. परभणी-हिंगोलीकडची थंडी कोरडी. अशी हवा जिथून मिळेल तिथून पाणी ओढून घेते. दोरीवरच्या कपड्यांतून घेते तसं तुमच्या गालांतूनही घेते. कातडीचा सगळ्यात वरचा थर म्हणजे विटांची भिंत समजा. मेलेल्या पेशी या विटा, आणि त्यांच्या मधल्या फटींत भरलेले स्निग्ध पदार्थ हा चुना. चुना धड असेल तर आतलं पाणी आत राहतं. कडकडीत पाण्याने अंघोळ केली, कपड्याचा साबण अंगाला घासला, की चुना धुऊन जातो. विटा सुट्या होतात, त्यांची टोकं वर येतात. नखाने उठणारी पांढरी रेघ म्हणजे या सुट्या विटाच.

हा चुना तयार करायला शरीराला एक खास पदार्थ लागतो. त्याचं नाव लिनोलिक आम्ल. नाव आम्ल असलं तरी ते लिंबासारखं आंबट नाही, तेलाचाच एक घटक आहे. गंमत अशी, की आपलं शरीर ते स्वतः बनवू शकत नाही; बाहेरूनच घ्यावं लागतं. हे कळलं कसं? अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात जॉर्ज बर आणि मिल्ड्रेड बर या जोडप्याने उंदरांना तेल-तुपाचा अंशही नसलेलं अन्न दिलं. काही महिन्यांत उंदरांच्या शेपट्यांवर खवले आले, कातडी कोरडी पडली. ते पाणी भरपूर प्यायचे, पण ते कातडीवाटे उडून जायचं. लिनोलिक आम्ल मिळाल्यावर उंदीर सुधारले. 1929 आणि 1930 साली बर दांपत्याने हे प्रसिद्ध केलं. तोपर्यंत तेल-तूप म्हणजे नुसती ताकद देणारा पदार्थ, अशीच शास्त्रज्ञांची समजूत होती.

क्रॅनबेरीच्या बियांच्या तेलात हे लिनोलिक आम्ल साधारण एक तृतीयांशाहून थोडं जास्त असतं. जवळजवळ तेवढंच त्याचं भावंड, लिनोलेनिक आम्ल. शिवाय ई जीवनसत्त्वाच्या कुळातले काही पदार्थ. तेल चांगलंच आहे, मी त्याला नावं ठेवणार नाही.

पण मैत्रिणी, आता तुझ्या शिवाराकडे बघ. ज्वारीच्या कडेने काटेरी झाडांची रांग दिसते? करडई! तुमच्याकडे करडी म्हणतात. तिच्या काट्यांना भिऊन गुरं ज्वारीत शिरत नाहीत, म्हणून जुने शेतकरी तिला बांधाकडेला पेरत. कोवळी असताना तिच्या पानांची भाजी, मग पिवळी-केशरी फुलं, मग पांढऱ्या टणक बिया. या करडईच्या तेलात लिनोलिक आम्ल किती असतं? शंभरात सत्तर भागांहून जास्त! मावशीच्या बाटलीच्या जवळजवळ दुप्पट. आणि ते दुसरं भावंड, लिनोलेनिक? ते जवसाच्या तेलात जवळजवळ निम्मं असतं. म्हणजे पुण्याच्या बाटलीतले दोन्ही मुख्य घटक तुझ्या घरात आहेत. एक फोडणीत आणि एक चटणीच्या डब्यात. मराठवाड्यात करडईचं क्षेत्र आता फार घटलं आहे, सोयाबीन आणि हरभऱ्याने तिची जागा घेतली. पण घाण्यावर किंवा दुकानात तेल मिळतं.

जवस मात्र खायलाच ठेव, अंगाला लावू नकोस. क्रिकेट खेळणाऱ्यांनो, नव्या बॅटला जवसाचं तेल का चोळतात? ते हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं आणि लाकडावर त्याचा पापुद्रा धरतो. बॅटीला हे बरं, गालाला नाही. रंगाच्या दुकानातलं जवसाचं तेल तर मुळीच लावायचं नाही. ते लवकर वाळावं म्हणून त्यात धातूंची क्षारं घातलेली असतात. क्रॅनबेरीचं तेलही याच वळणाचं, उघडं राहिलं तर खवट होणारं. म्हणून मावशीला सांग, बाटली अंधारात ठेव आणि वास बदलला की टाकून दे.

आता 'उजळते'बद्दल. क्रॅनबेरीच्या जाहिरातीत लाल रंगाचं आणि क जीवनसत्त्वाचं कौतुक असतं. पण हे दोन्ही पाण्यात विरघळणारे पदार्थ. ते रसात जातात, तेलात उतरत नाहीत. पटत नसेल तर स्वयंपाकघरात जा. हळदीचा रंग तेलात विरघळतो, म्हणून फोडणी पिवळीधमक होते. आणि बिटाचा रस तेलात घालून बघा. खाली थेंब होऊन बसेल, तेल जसंच्या तसं! आणि तेल कुठलंही असो, ते कोणाला गोरं करत नाही. कोरडी कातडी राखाडी दिसते, तेल लागल्यावर तिचा मूळ रंग दिसतो, एवढंच. तुझा मूळ रंग छानच असणार, त्याला उजळायची गरज काय?

मग करायचं काय? अंघोळ कोमट पाण्याने. अंग टिपून घ्यायचं, पुरतं कोरडं करायचं नाही. ओलसर आहे तोवरच करडईच्या तेलाचे चार-पाच थेंब तळव्यावर घेऊन हातापायांना चोळायचे. गालांना दोन थेंब पुरेत. तेल पाणी देत नाही, असलेलं पाणी अडवतं, म्हणून ओल्यावरच लावायचं. आधी दोन दिवस कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघ, खाज आली तर सोडून दे. ज्यांना मुरुमं येतात त्यांनी चेहऱ्यावर तेलाचे थर देऊ नयेत. कातडी लाल होऊन चिघळली असेल तर घरगुती उपाय बंद आणि सरळ डॉक्टरांकडे.

आता तुझं ता. क. खरं सांगायचं तर पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट तीच होती. तळपायाच्या कातडीत तेल सोडणाऱ्या ग्रंथीच नसतात. तिथली कातडी जाड, अंगाचं सगळं वजन टाचेवर, आणि तुमच्याकडे जानेवारीपासून हळदीची काढणी, शिजवणं, वाळवणं. 2024 साली वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामागे अशा किती टाचा असतील! टाचेला पातळ तेल पुरत नाही, ते पुसलं जातं. इथे घट्ट काहीतरी हवं. कोकणात यासाठी कोकमाच्या बियांचं तेल वापरतात. सालाची आमसुलं करायची आणि उरलेल्या बियांतून तेल काढायचं, अगदी क्रॅनबेरीसारखंच. थंडीत ते मेणासारखं घट्ट असतं. मुठीत दाबून त्याचे गोळे करतात, म्हणून त्याला मुठेल म्हणतात. ते मिळालं तर उत्तम. नाहीतर साधी पेट्रोलियम जेली, तुझ्या 340 रुपयांतून घेऊन भरपूर पैसे उरतील.

रात्री आईचे पाय दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेव. वजरीने हलकेच घास. ब्लेडने कातडी कापू देऊ नकोस. पाय टिपून जेली किंवा मुठेल भेगांत भर आणि वरून सुती मोजे घाल. तेलकट पायांनी फरशीवर चालू देऊ नकोस, घसरायला होतं. भेगांतून रक्त येत असेल किंवा आईला मधुमेह असेल, तर मात्र आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवायचं. मधुमेहात पायाची जखम लवकर कळत नाही आणि चिघळते.

आणि तुम्हा सगळ्यांना या आठवड्याचा उद्योग. सारख्या आकाराची दोन लिंबं घ्या. एकाला करडईचं तेल चोळा, दुसरं तसंच ठेवा. किराणा दुकानातल्या काट्यावर दोन्हींचं वजन करून लिहून ठेवा. आठ दिवसांनी पुन्हा करा. कोणत्या लिंबाचं किती वजन घटलं, ते पोस्टकार्डावर कळवा. वसमतच्या मैत्रिणी, तू लिंबांबरोबर आईच्या टाचांचंही कळव.