शिरगणती म्हणजे धोरण नव्हे

सरकारने विद्यार्थ्यांची मोजदाद करावी, ह्यास आमची हरकत नाही. माहितीवाचून धोरण आखणे म्हणजे अंधारात दगड मारणे होय. परंतु पेरलेले बी मोजून त्यासच पीक म्हणणाऱ्या शेतकऱ्यास कोणी शहाणा म्हणणार नाही. आणि उच्च शिक्षणाच्या बाबतीत आपल्या देशात आज हाच प्रकार चालला आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

केंद्र सरकार २०१०-११ ह्या वर्षापासून ‘अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षण’ करीत आले आहे. प्रत्येक कॉलेज आपली माहिती ठराविक नमुन्यात स्वतःच भरून देते: विद्यार्थी किती, त्यांत मुली किती, अनुसूचित जातिजमातींचे किती, अध्यापक किती. ह्या सर्वांची बेरीज होऊन दिल्लीहून अहवाल निघतो. २०२१-२२ च्या अहवालाप्रमाणे पटावर ४ कोटी ३३ लाख विद्यार्थी होते व त्यांपैकी २ कोटी ७ लाख मुली होत्या. ही वाढ आनंदाची आहे, हे कोणीही मोकळ्या मनाने मान्य करील.

ह्या बेरजेवरून एक प्रमाण काढण्यात येते. १८ ते २३ वयाची लोकसंख्या छेदस्थानी आणि पटावरील सर्व विद्यार्थी, मग त्यांचे वय काहीही असो, अंशस्थानी. २०२१-२२ साली हे प्रमाण शेकडा २८.४ होते, २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ते २०३५ पर्यंत शेकडा ५० वर नेण्याचा संकल्प सोडला आहे. आता ह्या प्रमाणाची मातब्बरी पाहा. २०१९-२० च्या अहवालात ते शेकडा २७.१ छापले होते. पुढील अहवालात त्याच वर्षाचे प्रमाण २५.६ झाले! वर्ष तेच, विद्यार्थी तेच; बदलला तो केवळ छेद. पूर्वीचा लोकसंख्येचा अंदाज २००१ च्या खानेसुमारीवरून बांधला होता, नंतरचा २०११ च्या. २०२१ ची खानेसुमारी वेळेवर झालीच नाही, तेव्हा २८.४ हा आकडाही त्या जुन्या पायावरच उभा आहे.

तथापि ह्याहून मोठा दोष निराळाच आहे. ही माहिती दरसाल बेरजेच्या रूपाने वर जाते. गेल्या साली पहिल्या वर्गात असलेली मुलगी यंदा दुसऱ्या वर्गात दिसली नाही, तर ती दुसऱ्या कॉलेजात गेली, लग्न होऊन घरी बसली, की फीअभावी कामास लागली, हे त्या बेरजेस सांगता येत नाही. उत्तीर्ण किती झाले ते अहवालात मिळते. गळाले ते का गळाले, हे मिळत नाही. मग नव्या जागा काढाव्या की वसतिगृहे बांधावी, शिष्यवृत्ती वाढवावी की आहे तीच वेळेवर पोचवावी, ह्याचा निर्णय सरकार कशाच्या आधारे करणार? जे मोजले जाते तेच वाढविण्याकडे अधिकाऱ्यांचा कल होणार, हे उघड आहे.

प्रश्न कोणता विचारावा, हे महाराष्ट्रास कोणी शिकवावयास नको. १८८२ साली जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे निवेदन केले, तेव्हा शाळा किती निघाल्या एवढ्यावर ते थांबले नाहीत. ज्या रयतेच्या श्रमावर सरकारचा महसूल उभा आहे, तिच्या मुलांच्या पदरात विद्या किती पडते, असे त्यांनी रोखठोक विचारले. आजच्या अहवालास हाच प्रश्न लावून पाहावा.

सरकारपक्ष म्हणेल की, ह्याच उणिवेसाठी आम्ही प्रत्येक विद्यार्थ्यास ‘अपार’ हा बारा अंकी क्रमांक देत आहो. साधन उपयोगी आहे, हे आम्ही नाकारीत नाही. पण हा क्रमांक आधारशी जोडलेला आहे, आणि तो संमतीने घ्यावयाचा, असे सांगण्यात येते. प्रवेशाच्या खिडकीपाशी अर्ज हातात धरून उभ्या असलेल्या मुलाने दिलेली संमती कितपत मोकळी समजावी? खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली ठरविले; २०२३ च्या व्यक्तिगत माहितीच्या कायद्याने मात्र संशोधन व सांख्यिकी यांकरिता काही अटींवर सूट ठेवली. सूट असो, पण घेतलेल्या माहितीचे पुढे काय केले, हे विद्यार्थ्यास कोण सांगणार?

हे अशक्य आहे, असे कोणी म्हणू नये. अमेरिकेत २००८ च्या कायद्याने विद्यार्थ्यांची व्यक्तिवार नवी नोंदवही उघडण्यास मध्यवर्ती सरकारला मनाई केली. तरीही हाती असलेल्या सरकारी मदतीच्या व करांच्या नोंदी जुळवून ते सरकार २०१५ पासून ‘कॉलेज स्कोअरकार्ड’ प्रसिद्ध करीत आले आहे. कोणत्या कॉलेजात किती जण पदवी पुरी करतात, मदत घेतलेल्यांवर कर्ज किती राहते, पुढे मिळकत किती होते, हे तेथे कोणाही पालकास पाहता येते. ती व्यवस्था निर्दोष नाही. परंतु तेथील प्रश्न निदान विद्यार्थ्याच्या हिताचे आहेत.

आमचे मागणे फार नाही. पटावर आलेल्यांबरोबर पटावरून गेलेल्यांचीही गणती व्हावी, त्यांच्या जाण्याची कारणे नोंदली जावी, आणि कॉलेजवार निष्कर्ष नावनिशी उघड न करता पालकांपुढे ठेवावे. तोवर मुलाचा नवा क्रमांक मागणाऱ्यास, जुन्या माहितीचे काय केले, असे प्रत्येक पालकाने अवश्य विचारावे.