तार उपटलेला बझर

गेल्या उन्हाळ्यात मुलीच्या बिऱ्हाडाचे सामान घेऊन नाशिकहून ठाण्यास ट्रकने जाण्याचा योग आला. चालक मूळचा बीडकडचा, पन्नाशीतला, बोलका. इगतपुरी मागे पडून कसाऱ्याचा उतार लागला तेव्हा माझे लक्ष डॅशबोर्डावरील एका लाल दिव्याकडे गेले. तो एकसारखा पेटलेला होता. आवाज मात्र कशाचाच नव्हता. विचारले, तेव्हा त्याने स्टिअरिंगखाली लोंबणारे, चिकटपट्टी गुंडाळलेले वायरीचे टोक बोटाने दाखविले. "बझरची तार हाय ती, गुरुजी. रातंदिस बोंबलायचा. शेठच म्हणले, काढून टाक."

कारण क्षुल्लक होते. पुढे कलणारी केबिन नीट अडकली आहे की नाही हे सांगणारा एक लहानसा स्विच धुळीने निकामी झाला होता. केबिन पक्की बसलेली होती; पण स्विचच्या मते ती सुटलेली होती, आणि त्याचे म्हणणे बझर अहोरात्र जाहीर करीत होता. मी त्या माणसाच्या जागी असतो तर दोन तासांतच तार उपटली असती, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. घरातला नळ ठिबकू लागला तरी आपणांस झोप लागत नाही. येथे कानापासून हातभर अंतरावर एक यंत्र दिवसभर खोटे बोलत होते.

परंतु ही गोष्ट एवढ्यावरच संपत नाही. त्या गाडीत बझर एकच होता. केबिनचा निरोप जो देतो, तोच ब्रेकमधील हवेचा दाब उतरल्याचाही निरोप देतो. अवजड ट्रकचे ब्रेक दाबलेल्या हवेवर चालतात. उतारावर पाय वारंवार ब्रेकवर पडतो, प्रत्येक वेळी टाकीतील थोडी हवा खर्ची पडते, आणि एखादी नळी गळत असेल तर ती भरून निघत नाही. दाब साधारण साडेचार-पाच बारच्या खाली येऊ लागला की इशारा वाजावा आणि चालकाने गाडी कडेला घ्यावी, अशी योजना असते. दाब आणखी घसरला तर स्प्रिंगचे ब्रेक आपोआप आवळले जातात आणि गाडी जेथे असेल तेथे जखडते. इशारा व ही जखडण यांच्यामधील अवधी एवढेच त्या बझरचे मोल. काटा आणि दिवा शिल्लक राहतात, हे खरे. पण घाटात चालकाची नजर रस्त्यावर असते, काट्यावर नव्हे; म्हणून तर कानाची सोय केलेली असते. खोट्याचे तोंड बंद करताना त्या शेठजींनी खऱ्याचेही तोंड बंद केले होते.

अनेक निरोपांना एकच आवाज देण्याची ही खोड केवळ ट्रकापुरती नाही. १४ ऑगस्ट २००५ रोजी सायप्रसच्या लार्नाकाहून अथेन्सकडे निघालेल्या हेलिऑस कंपनीच्या बोइंग विमानात हवेचा दाब कमी होऊ लागताच भोंगा वाजला. तो भोंगा आणि उड्डाणापूर्वीच्या मांडणीतील चूक दाखविणारा भोंगा यांचा आवाज एकच होता. वैमानिकांनी दुसराच अर्थ घेतला, ते चुकीच्या दोषामागे लागले, आणि प्राणवायूअभावी शुद्ध हरपली. १२१ माणसे गेली. इशारा वाजला नाही असे तेथे कोणी म्हणू शकत नाही.

आता दुसरी बाजू. कर्कशपणाने माणसाला शिस्त लावता येते, अशी एक समजूत कायदेकर्त्यांत असते. अमेरिकेने तिचा पुरेपूर अनुभव घेतला आहे. तेथे १९७४ च्या मोटारींना पट्टा बांधल्याखेरीज इंजिन सुरूच होणार नाही अशी जोडणी सक्तीची झाली. शेजारच्या आसनावर भाजीची पिशवी ठेवली तरी गाडी हटून बसे. लोक इतके संतापले की त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये काँग्रेसने कायदा करून ही सक्ती रद्द केली, आणि वर असेही ठरविले की पट्ट्याचा बझर आठ सेकंदांपलीकडे वाजावा अशी सक्ती सरकारने करू नये. हे बंधन थेट २०१२ साली उठले. मधल्या काळात फोर्ड कंपनीने तडजोड शोधली: थोडा वेळ वाजावयाचे, गप्प बसावयाचे, पुन्हा आठवण द्यावयाची. पाहणीत पट्टा बांधणाऱ्या चालकांचे प्रमाण ७१ टक्क्यांवरून ७६ वर गेलेले आढळले. पाच टक्के ही काही क्रांती नव्हे. पण सक्तीच्या जोडणीला जे साधले नाही ते या सबुरीला थोडेफार साधले.

आपल्याकडील चित्र अधिक विचित्र आहे. १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत पट्ट्याची आठवण देणारा आवाज सक्तीचा झाला, आणि बाजाराने लगेच त्यावर उतारा काढला: पट्ट्याच्या खाचेत अडकवावयाची धातूची चकती. पट्टा मोकळाच, पण गाडीची समजूत पटते. २०२३ च्या मे महिन्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन विक्रेत्यांना ही चीज काढून टाकण्याचा आदेश दिला. १३,११८ जाहिराती हटविल्या गेल्या. काही ठिकाणी ती बाटली उघडण्याचे साधन म्हणून विकली जात होती, हा तपशील आपल्या व्यापारी प्रतिभेची साक्ष देतो. २०२१ या एका वर्षात पट्टा न बांधल्यामुळे १६,३९७ माणसे मरण पावल्याची नोंद सरकारदप्तरी आहे, आणि त्यांपैकी जवळजवळ निम्मे चालक नव्हे, प्रवासी होते.

चकती विकत घेणारा मोटारमालक आणि तार उपटणारा ट्रकचालक यांना एकाच मापाने मोजणे मात्र मला अन्यायाचे वाटते. पहिल्याला खरा इशारा नकोसा झाला आहे; पट्टा बांधण्यास त्याला दोन सेकंदही लागले नसते. दुसऱ्याला खोटा इशारा असह्य झाला आहे, आणि तो दुरुस्त करणे त्याच्या हाती नाही. मी त्याला विचारले, स्विच बदलावयास कितीसा खर्च? तो हसला. "स्विचचं काय नाही हो, गुरुजी. पर गॅरेजात दिवसभर गाडी उभी राहिली तर भाडं बुडतं." भाडे मालकाचे बुडते, घाट मात्र चालकाला उतरावयाचा असतो. दंडाची पावती फाडावयाची झालीच तर ती कोणाच्या नावे फाडावी, याचा निर्णय येथेच होतो.

कारखानदारांनाही मोकळे सोडता येणार नाही. हवेच्या दाबाचा आवाज निराळा, त्याची तार निराळी, आणि फुटकळ निरोपांना फार तर मिनिटभराची मुभा, एवढे करण्यास काही मोठे संशोधन लागत नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व अवजड ट्रकांच्या केबिनी वातानुकूलित असणे सक्तीचे झाले आहे. खिडक्या बंद राहिल्या, इंजिनाची घरघर कमी झाली, तर इशाऱ्याला किंचाळण्याचे कारण उरत नाही. चालकाला जो सोसवेल तोच आवाज गाडीत टिकेल, हे अभियंत्यांनी ध्यानी घ्यावे.

राहता राहिली जुन्या गाड्यांची गोष्ट. व्यापारी वाहनास योग्यतेचे प्रमाणपत्र पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी घ्यावे लागते. त्या वेळी तपासनिसाने इंजिन बंद करून, किल्ली चालू ठेवून, चालकास ब्रेक पुनःपुन्हा दाबावयास सांगावे. काटा खाली येत जाईल. तो लाल पट्ट्यात शिरताच बझर वाजलाच पाहिजे. न वाजल्यास प्रमाणपत्र नाही, आणि दुरुस्तीसाठी गाडी उभी राहील ते दिवस मालकाच्या खात्यावर. या चाचणीला फार तर पाच मिनिटे लागतील.