रद्दीत गेलेल्या चित्रवह्या

आमच्या पांढुर्ण्यात एक चित्रकला शिक्षक होते. शाळेचे फलक, गणपतीची मखरे, लग्नघरच्या भिंती, सारे त्यांच्याच हातचे. ते गेल्यावर वर्षाच्या आत किराणा दुकानात मला जिऱ्याची पुडी मिळाली, ती त्यांच्या वहीच्या पानाची! पानावर पोळ्याचा बैल. मान पाच वेळा काढलेली, चारदा खोडलेली. कडेला पेन्सिलीने, ‘ओझे मानेत दिसावे.’ मी तसाच त्यांच्या घरी गेलो. मुलगा म्हणाला, “काकाजी, चांगलं होतं ते फ्रेम करून ठेवलं. बाकी वह्याईले जागा कुठी हाय?”

भिंतीवर तोच बैल होता. झूल, बाशिंग, शिंगांना बेगड. सुरेखच. पण ती मान कशी सापडली, हे त्या काचेआड कुठेच नव्हते.

दोष एकट्या मुलाचा नाही. इंद्रायणीत बुडवलेल्या गाथेसाठी आपले डोळे पाणावतात आणि बापाची वही आपण किलोच्या भावाने विकतो. प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) यांनी वर्षानुवर्षे रोजनिशा लिहिल्या. टिपणे आणि रेखाटने शेजारी शेजारी. पान, घड्याळ, टाचणी असल्या साध्या वस्तूंपाशी ते पुन्हा पुन्हा जात. त्याच चिंतनातून १९९० साली ‘कोरा कॅनव्हास’ आले. त्या वह्या कुणी रद्दीत दिल्या असत्या, तर चित्रकार मराठीत विचार कसा करतो हे आपल्याला कुठून कळले असते? २०१९ साली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात बरव्यांच्या प्रदर्शनात त्या रोजनिशाही होत्या. उद्घाटनाला अमोल पालेकरांचे भाषण मध्येच अडवले गेले. आमच्याकडे चर्चा झाली ती तेवढ्याचीच.

नागपुरात जन्मलेल्या गायतोंड्यांच्या चित्रांना आज कोटींचे मोल येते, म्हणून त्यांचे नाव आपल्याला ठाऊक. १९८४ च्या अपघातानंतर मोठा कॅनव्हास झेपेना, तेव्हा ते लहान कागदांवर शाईने काढत राहिले, हे कितीजणांना ठाऊक आहे?

सौंसरचे एक स्नेही म्हणतात, वही ही कलावंताची खासगी गोष्ट. ती उघडणे असभ्यपणा. मान्य. गुरुजींनी स्वतः ती चुलीत घातली असती तर मी ब्रही काढला नसता. पण रद्दीवाला काही खासगीपणाचा राखणदार नव्हे. जिरे घेणाऱ्या साऱ्या गावाने ती वही पाहिलीच की! फक्त वाचली नाही.

आणि वाचणार तरी कोण? टिपणे मराठीत, नातवंडे हिंदी शाळेत. अक्षरे तीच, पण ‘ळ’पाशी पोर अडखळते आणि ‘ओझे’ म्हणजे काय ते विचारते. १९५६ साली नागपूर मुंबई राज्यात गेले, आपण मध्य प्रदेशात राहिलो. तेव्हापासून आपल्या मराठीचा जमाखर्च आपल्यालाच ठेवावा लागतो. मुंबईहून कोणी येणार नाही, भोपाळहूनही नाही. २०२३ साली पांढुर्णा जिल्हा झाला. नव्या जिल्ह्याकडे मागण्यांची यादी लांब आहे. तीत वाचनालयातले एक कुलूपबंद कपाट घाला, एवढेच म्हणतो.

तोवर माळ्यावर एखाद्या काकांची, आत्याची वही असेल, रांगोळीच्या ठिपक्यांची का असेना, तर रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी ती उतरवा आणि नातवाला शेजारी बसवा. माझ्याकडचे पान तेलकट झाले आहे; बैलाचे मागचे पाय पुडीच्या घडीत गेले. उरलेली पाने कुणाच्या घरी पुडीतून आली असतील, तर कृपया कळवा.