शेजार हवा, पण मालकी कोणाची?

कोरोनाच्या साथीने मार्च २०२० मध्ये जगभर माणसे घरात कोंडली गेली. त्याच महिन्याच्या २० तारखेला जपानच्या निन्टेन्डो कंपनीने ‘अ‍ॅनिमल क्रॉसिंग : न्यू होरायझन्स’ हा व्हिडिओ गेम बाजारात आणला. पहिल्या सहा आठवड्यांत त्याच्या १ कोटी ३० लाखांहून अधिक प्रती खपल्या आणि वर्षअखेर हा आकडा ३ कोटींच्या वर गेला. रिकामटेकड्यांचा उद्योग म्हणून हा विषय झटकून टाकणे सोपे आहे. पण कोट्यवधी माणसे एखाद्या गोष्टीकडे धाव घेतात, तेव्हा त्यांची गरज काय होती, हे तपासले पाहिजे.

या खेळात शत्रू नाही, बंदूक नाही, कोणी मरत नाही. एका बेटावर तंबू ठोकायचा, मासे धरायचे, झाडे लावायची, प्राण्यांच्या रूपातील शेजाऱ्यांची विचारपूस करायची. घरासाठी कर्ज मिळते, पण त्याला व्याज नाही आणि फेडीची मुदतही नाही. मित्राच्या बेटावर पाहुणे म्हणून जाता येते. बाहेर रद्द झालेली लग्ने आणि पदवीदान सोहळे लोकांनी या बेटांवर साजरे केले.

या खेळाच्या मुळाशीच एकाकीपण आहे. त्याचे एक जनक कात्सुया एगुची नोकरीसाठी चिबा सोडून क्योटोला आले. घरची माणसे आणि मित्र दुरावले. त्या अनुभवातून या मालिकेचा पहिला खेळ २००१ मध्ये जपानमध्ये आला. पोटासाठी गाव सोडलेल्या प्रत्येकाला हे दुःख ओळखीचे आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये खेळाडूंच्या खेळण्याच्या प्रत्यक्ष नोंदी तपासल्या. जास्त वेळ खेळणाऱ्यांचे मन थोडे अधिक समाधानी आढळले. खेळामुळेच ते समाधान आले, असे मात्र त्यातून सिद्ध होत नाही.

इथवर ठीक. पण हे बेट कोणाचे? एप्रिल २०२० मध्ये हाँगकाँगचे लोकशाहीवादी कार्यकर्ते जोशुआ वाँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या बेटांवर स्वातंत्र्याच्या घोषणा लावल्या. रस्त्यावर जमणे अशक्य होते, म्हणून त्यांनी खेळातच मोर्चा काढला. लगेचच चीनमधील ऑनलाइन दुकानांतून हा खेळ दिसेनासा झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कंपनीनेही संस्था-संघटनांना बजावले की, खेळात राजकारण आणू नका. याच मालिकेतील ‘पॉकेट कॅम्प’ या मोबाइलवरील खेळाची ऑनलाइन सेवा नोव्हेंबर २०२४ मध्ये कंपनीने बंद केली. रहिवाशांना विचारले कोणी?

शिवाय या शेजारात शिरायला महागडे यंत्र लागते आणि दुसऱ्याच्या बेटावर इंटरनेटवरून जायला वर्गणी भरावी लागते. साथीच्या काळात ज्यांना घरी बसण्याची सोयच नव्हती, त्यांचा एकाकीपणा कोणत्या बेटावर मिटणार होता?

म्हणून खेळणाऱ्या पोरांना दोष देऊ नका. शेजाराची ओढ हा गुन्हा नाही. त्यांना जे पडद्यावर शोधावे लागते, ते वस्तीत का मिळत नाही, हा प्रश्न स्वतःला विचारा. वाचनालय, मैदान, समाजमंदिर ही लोकांच्या मालकीची ठिकाणे आहेत. तेथे बसायला वर्गणी लागत नाही आणि बोलायला कंपनीची परवानगी लागत नाही. ती ओस पडू देऊ नका. भाड्याचे बेट मालक केव्हाही रिकामे करून घेतो!