गच्चीवरचे विमान

कांदिवलीतील चारकोप येथे इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी सहा आसनी विमान बांधले. 2016 मध्ये मुंबईच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात लोकांनी ते कौतुकाने पाहिले. सरकारी नोंदणी मात्र 2017 मध्ये आणि उड्डाणाचा परवाना 2019 मध्ये मिळाला.

तपासणी कठोर हवीच. ते विमान धातूचे होते. लाकडी विमानाची प्रकृती त्याहून नाजूक. ओलाव्याने डिंकाचे सांधे सुटतात, रंगाखालची कूज वरून दिसत नाही. पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर ओढून फळी न् फळी तपासणाऱ्या आमच्या कोळीबांधवांना हे सांगावयास नको.

परंतु कठोर तपासणी निराळी आणि अनिश्चित प्रतीक्षा निराळी. इंग्लंडमध्ये हौशी विमानकारांच्या संस्थेचेच निरीक्षक बांधणीच्या टप्प्याटप्प्याला काम पाहतात; त्यामुळे दोष झाकला जाण्यापूर्वीच सापडतो. ती व्यवस्था येथे का नसावी?

सागवानाच्या मुलखातील इचोड्याच्या एखाद्या तरुणाने उद्या विमानाचा सांगाडा उभारला, तर त्याला हारतुरे नकोत. पहिल्या सांध्यापासून पाहणारा निरीक्षक आणि ठरल्या मुदतीत मिळणारा होकार वा नकार, एवढेच सरकारने द्यावे.